मुलींचा व्हॉलीबॉल समर कॅम्प, चार दिवस: फोटो हेड कोचचा, काम असिस्टंट कोचचं

गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ च्या, माझ्या लेकीला एका डिव्हिजन वन (इकडच्या कॉलेज खेळातला सगळ्यात वरचा गट) कॉलेजच्या व्हॉलीबॉल कॅम्पला चार दिवस राहायला पाठवलं होतं त्याचा हा रिव्ह्यू. लेक १३ वर्षांची, आठवीत जाणारी. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत, आणि इथे मिडवेस्टमध्ये असे कॅम्प इतक्या कॉलेजमध्ये असतात आणि सगळ्यांची पद्धत इतकी सारखी असते की नावापेक्षा आत काय चालतं ते कळणं जास्त उपयोगाचं. इकडच्या आपल्या मराठी ग्रुपवर दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी विचारतंच की मुलीला कुठल्या कॅम्पला घालू, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पाचपैकी चार स्टार. आणि ते चार स्टार जवळजवळ पूर्ण एकाच व्यक्तीचे आहेत, तिथल्या असिस्टंट कोचचे. त्यांचं नावही देत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही ओमाहाला राहतो आणि नेब्रास्कात राहून घरात व्हॉलीबॉल येणार नाही असं होतच नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये, जिथे फुटबॉल होतं तिथे, मधोमध कोर्ट टाकून नेब्रास्का आणि ओमाहा या दोन युनिव्हर्सिटींच्या मुलींची मॅच झाली होती, ९२,००३ माणसं होती, आम्ही तिघं त्यातली. इतक्या वरच्या सीट होत्या की बॉल धड दिसत नव्हता, स्क्रीनवरच बघत होतो, पण सर्व्हिसच्या वेळी सगळं स्टेडियम एकदम शांत व्हायचं आणि पॉइंट पडला की पायाखालचं सिमेंट हलायचं. लेक तेव्हा ११ ची होती. घरी येताना गाडीत म्हणाली आई मला हे खेळायचंय. मला काय झालं ते सांगता येत नाही कारण मी स्वतः इस्लामपूरला कॉलेजमध्ये असताना खेळायचे, लिफ्टर होते (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, इकडे सेटर म्हणतात), मातीच्या कोर्टवर, पाऊस पडला की महिना-महिना बंद. आमच्याकडे एकच सर, कबड्डी खो-खो अ‍ॅथलेटिक्स व्हॉलीबॉल सगळं त्यांच्याकडेच, बिचारे जमेल तेवढं बघायचे, पण अंडरहँड आम्हाला शिकवला तो सीनियर मुलींनी. त्यामुळे एका टीमला तीन-चार कोच असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. या कॅम्पमुळे ते शिरलं.

आता कॅम्प. फी ४६५ डॉलर, त्यात डॉर्ममध्ये राहणं, तीन वेळचं जेवण आणि एक टीशर्ट. आमच्याकडून अडीच तासांचा ड्राइव्ह. वेबसाइटवर मोठा फोटो हेड कोचचा, कॅम्पला नावही त्यांचंच, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. मला वाटलं चार दिवस तेच शिकवणार. तसं नसतं. ते पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं बोलले, छान बोलले, रोज एकदा सगळ्या कोर्टांवरून चक्कर मारायचे, शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर फोटो काढले. मी त्यांना दोष देत नाहीये, हेड कोचला जुलैत शंभर ठिकाणी लक्ष द्यावं लागतं हे मला नंतर कळलं. पण पालक म्हणून तुम्ही हे धरूनच चाला की मुलीच्या हाताला हात लावून जी व्यक्ती शिकवणार ती असिस्टंट कोच, आणि तिच्या हाताखाली त्या कॉलेजच्या टीमच्या मुली.

चेक-इनच्या टेबलावर सकाळी कोण होतं? असिस्टंट कोच. खोलीच्या किल्ल्या, मेडिकल फॉर्म, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुणाचा इन्हेलर, गळ्यात घालायची ओळखपत्रं, सगळं त्या एकट्या बघत होत्या, बरोबर दोन खेळाडू मुली मदतीला. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आईला सोडायलाच तयार नव्हती तर त्या टेबलामागून उठून आल्या, तिच्यासमोर खाली बसल्या आणि तिला बॉलच्या ट्रॉलीची जबाबदारी दिली, म्हणजे चार दिवस ती ट्रॉली तिनं ढकलायची. ती मुलगी त्यानंतर आईकडे वळूनही बघेना. तासाभरानं त्याच कोच जिममध्ये लाकडी खोक्यावर उभ्या राहून बॉल मारत होत्या.

या खोक्याबद्दल सांगायला हवं. ब्लॉकच्या उंचीवरून खराखुरा स्मॅश आला तर मुलींना डिफेन्स करता यावा म्हणून कोच नेटजवळ खोक्यावर चढतात आणि वरून एकामागून एक बॉल मारतात. मुलींच्या नेटची उंची २.२४ मीटर, त्याच्यावरून बॉल खाली यायला हवा. दिवसाला तीन सेशन, एका सेशनमध्ये किती बॉल मारले असतील मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारचं सेशन पालकांना बघायला खुलं होतं म्हणून मी सुट्टी काढून गेले होते, तेव्हा बघितलं तर कोचच्या दोन बोटांना पांढरी टेप, खांद्यावर बर्फाची पिशवी प्लॅस्टिकनं घट्ट गुंडाळलेली, आणि आवाज पूर्ण बसलेला. तरी प्रत्येक मुलीला नावानं हाक मारत होत्या. दुसरा दिवस होता फक्त, आणि माझ्या अंदाजानं शंभरच्या वर मुली होत्या.

माझ्या लेकीचा प्रॉब्लेम पासिंगचा, म्हणजे समोरून आलेला बॉल हातांवर घेऊन लिफ्टरकडे देण्याचा. बॉल आला की ती दोन्ही हात खालून वर झोकून द्यायची त्यामुळे बॉल कधी छताला कधी मागे. क्लबमध्ये वर्षभर तिला सगळे सांगत होते की हात झोकू नकोस, झोकू नकोस. ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं पण होत नव्हतं. या कोचनी काय केलं, एक लोखंडी फोल्डिंग खुर्ची आणली आणि तिला खुर्चीच्या काठावर बसवलं. बसल्या बसल्या पास कर. बसल्यावर झोकायला जागाच राहत नाही, हात पुढे धरायचे, अंगठे एकमेकांना चिकटवून, कोपरं सरळ, आणि फक्त ज्या दिशेला बॉल पाठवायचा त्या दिशेला हातांचा उतार वळवायचा. दहा बॉल तसे. मग म्हणाल्या आता बॉल हाताला लागताना खुर्चीवरून उठ. म्हणजे जोर पायातून आला, हात होते तिथेच राहिले. पुढचे दहा बॉल उठत. मग खुर्ची पायानं मागे सरकवली आणि सांगितलं की खुर्ची अजून आहे असं समज. त्यानंतरचे बॉल मी वरून गॅलरीतून बघत होते, पाचातले चार सरळ लिफ्टरच्या डोक्यावर. माझ्या डोळ्यात पाणी आलं हो, वर्षभर जे सांगून झालं नाही ते पंधरा मिनिटांत झालं, आणि 'असं करू नकोस' हे वाक्य त्यांनी एकदाही वापरलं नाही. काय नको हे सांगणं सोपं असतं, त्या जागी काय करायचं ते शोधून देणं ही कला आहे, आणि ती त्या बाईंकडे होती.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला खोल्या तपासायला पण त्याच, असं लेकीनं फोनवर सांगितलं. आणि त्याआधी जेवणाच्या वेळी सगळ्या मुली हॉलमध्ये असताना त्या बाहेर बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या. लेकीनं विचारलं काय करताय, तर व्हिडिओ कापत होत्या. समोरच्या टीमचे. मॅच ऑगस्टच्या शेवटी, आणि अभ्यास जुलैत.

शेवटच्या दिवशी चेक-आऊटला रांग होती, लेक मैत्रिणींचे फोन नंबर घेण्यात गुंतली होती, तेव्हा मी कोचजवळ जाऊन आभार मानले आणि सांगितलं की मी पण खेळायचे भारतात, लिफ्टर होते. त्या एकदम थांबल्या. मातीचं कोर्ट कसं असतं, डाईव्ह मारता यायचा का, नेट कोण बांधायचं, हे सगळं त्यांनी मला विचारलं. मी शूटिंगबॉलचं सांगितलं, आमच्याकडे गावोगाव खांबावर लाईट लावून रात्रभर टुर्नामेंट चालतात, त्यांना ते इतकं आवडलं की मोबाइलवर व्हिडिओ शोधायला लावला. वीस मिनिटं बोललो असू. त्यातून मला त्यांच्या कामाचं जे कळलं आणि नंतर घरी येऊन मी जे वाचलं ते लिहिते, कारण मुलीला खेळात घालणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे माहीत हवं, आणि उद्या आपल्याच मुलीला कोच व्हायचं असेल तर जास्तच.

त्या स्वतः एका छोट्या कॉलेजात लिबेरो होत्या. लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागे डिफेन्स करणारी, अमेरिकन कॉलेजमध्ये ही पोझिशन २००२ ला आली. खेळणं संपल्यावर दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्सची फी माफ आणि त्या बदल्यात टीमसाठी पडेल ते काम. बॉलमध्ये हवा भरण्यापासून स्टॅट लिहिण्यापर्यंत. मग दुसऱ्या राज्यात असिस्टंट. तिथे दोन सीझननंतर हेड कोचना काढलं, आणि इथे पद्धत अशी की हेड कोच गेला की नवीन येणारा आपली माणसं घेऊन येतो, त्यामुळे यांचं काम चांगलं असून डिसेंबरमध्ये घर आवरायला लागलं. मग एके ठिकाणी डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, म्हणजे बस, हॉटेल, विमानाची तिकिटं, टीमचं जेवण. आणि मग इथे. नऊ वर्षांत चार राज्यं. बऱ्याच असिस्टंटचे करार वर्षा-वर्षाचे असतात. हे सगळं त्या अजिबात रडगाणं न लावता सांगत होत्या, जसं आपण बदलीची नोकरी सांगतो तसं.

आणि त्यात एक गोष्ट मला फार लागली. २०२३ पर्यंत डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलला हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक 'व्हॉलंटियर कोच' अशी रचना होती. व्हॉलंटियरला कॉलेजनं पगार द्यायचाच नाही असा एनसीएएचा, म्हणजे इकडच्या कॉलेज खेळांच्या संस्थेचा, नियम. बिनपगारी, पण प्रॅक्टिसला रोज हजर. मग ती माणसं जगायची कशावर? बऱ्यापैकी याच समर कॅम्पवर. कॅम्पला शिकवल्याचे पैसे त्यांना घेता यायचे, आणि खासगी शिकवण्या. जुलै २०२३ पासून तो व्हॉलंटियर प्रकार बंद केला आणि ती जागाही पगारी करता येईल असं झालं. पण अजूनही असिस्टंटच्या कमाईत कॅम्पचा वाटा असतो. म्हणजे आपण जे ४६५ डॉलर भरतो ते कशाकशात जातात हे कळल्यावर मला ते जास्त वाटेनासे झाले. एवढंच वाटलं की पोस्टरवर त्यांचाही फोटो हवा होता.

बाकी वर्षभर असिस्टंट काय करतात? सगळ्यात मोठं काम रिक्रूटिंग, म्हणजे मुली शोधणं. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या वीकेंडला कॅन्सस सिटीत मोठी क्लब टुर्नामेंट असते, जूनमध्ये ऑरलँडोला एएयू नावाच्या हौशी खेळांच्या संस्थेची नॅशनल्स, कन्व्हेन्शन सेंटरच्या एका छताखाली इतकी कोर्टं की या टोकावरून ते टोक दिसत नाही. आम्ही क्लबबरोबर गेलोय. कोर्टाच्या कडेला कॉलेजच्या लोगोचे शर्ट घालून, फोल्डिंग खुर्चीवर, मांडीवर टॅब घेऊन जी माणसं सकाळी आठपासून बसलेली असतात ती हीच. मी आधी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे काय मजेची नोकरी आहे, दिवसभर मॅच बघायच्या. आता माहितीये की त्यातल्या बऱ्याच जणी आदल्या रात्री विमानानं आलेल्या असतात आणि त्यांना दिवसाअखेर ठरवायचं असतं की पंधरा वर्षांच्या या चार मुलींपैकी तीन वर्षांनी कोण मोठी खेळाडू होईल.

इथे पालकांसाठी एक कामाची गोष्ट, नीट वाचा. डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यावरच्या १५ जूनच्या आधी मुलीशी किंवा आपल्याशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाहीत, कॅम्पमध्ये सुद्धा नाही. आणि कॉलेजचे कॅम्प नियमानं सगळ्यांना खुले ठेवावे लागतात, वय, इयत्ता, मुलगा-मुलगी आणि संख्या याची मर्यादा घालता येते तेवढीच. त्यामुळे सातवीतल्या मुलीला 'आम्हाला तू आमच्या कॅम्पला हवी आहेस' असं मेल आलं तर ते जाहिरातीचं मेल आहे, स्कॉलरशिपचं नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं असं मेल आलं म्हणून एका उन्हाळ्यात चार कॅम्प केले. मुलगी दमून गेली, क्लबच्या ट्रायआउटला खांदा दुखत होता. शिकायला पाठवा, एकच पाठवा.

सीझनमध्ये असिस्टंटचं काम अजून वेगळं. समोरच्या टीमच्या सहाही रोटेशनचा (सर्व्हिस परत मिळाली की मुली एकेक जागा पुढे फिरतात, त्या सहा मांडण्या) अभ्यास त्यांच्याकडे असतो. कुठल्या रोटेशनमध्ये त्यांची लिफ्टर पुढे असते म्हणजे पुढे दोनच स्मॅशर, कुठली मुलगी पास खराब झाला की कुठे मारते, कुणाला सर्व्हिस टाकली तर पास फुटेल. यासाठी इटलीत तयार झालेलं डेटा व्हॉली नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यात प्रत्येक टचला एक खूण, उत्तम पासला एक, चुकीला एक, माणूस मॅच चालू असताना न बघता टाईप करत असतो. मग मॅचमध्ये बेंचवरून असिस्टंट एका हातात क्लिपबोर्ड आडवा धरून त्यामागून बोटं दाखवतात, एक ते सहा, कोर्टचे सहा भाग, त्या भागात सर्व्हिस टाक असा त्याचा अर्थ. मी इतक्या वर्षांच्या मॅच बघितल्या, मला ती बोटं कधी दिसली नव्हती. आता तीच दिसतात.

कुणी म्हणेल असिस्टंट म्हणजे हेड कोच होता आलं नाही ती माणसं. तसं अजिबात नाहीये. आमच्याच नेब्रास्काचं बघा. जॉन कुक २००० पासून हेड कोच, चार नॅशनल टायटल, २०००, २००६, २०१५, २०१७, पण ते स्वतः आधी तिथले जुने हेड कोच टेरी पेटिट यांचे असिस्टंट होते, मग विस्कॉन्सिनला हेड कोच, मग परत पेटिट यांच्या स्टाफमध्ये आणि मग हेड कोच. जानेवारी २०२५ मध्ये कुक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी डॅनी बुसबूम केली आल्या. त्यांचा प्रवास मला तोंडपाठ झालाय. नेब्रास्काच्याच खेळाडू, लिफ्टर म्हणून आल्या आणि नंतर लिबेरो झाल्या, २००६ च्या चॅम्पियन टीममध्ये होत्या. मग टेनेसी, लुईव्हिल इथे असिस्टंट, मग नेब्रास्कात कुक यांच्या असिस्टंट आणि २०१५ चं टायटल त्या पदावर असताना. मग २०१७ पासून लुईव्हिलला हेड कोच, आणि त्या टीमला दोनदा फायनलला नेलं, २०२२ आणि २०२४. लिफ्टर असताना पोझिशन बदलून लिबेरो होणं किती अवघड असतं ते मी सांगू शकते, लिफ्टरला प्रत्येक दुसरा बॉल आपला वाटतो, तो सोडून द्यायला शिकावं लागतं. मला वाटतं ज्यांना असं स्वतः परत पहिल्यापासून शिकावं लागलंय त्याच दुसऱ्याला चांगलं शिकवतात.

आणि ती २०२४ ची फायनल, २२ डिसेंबर, लुईव्हिल विरुद्ध पेन स्टेट. समोर केटी शूमाकर-कॉली. त्याही पेन स्टेटच्या १९९९ च्या चॅम्पियन टीमच्या खेळाडू, बाहेर हेड कोच होत्या, आणि तरीही २०१८ ला असिस्टंट म्हणून परत आपल्या कॉलेजला आल्या, २०२२ मध्ये रस रोज यांच्यानंतर हेड कोच झाल्या. मुलींच्या या स्पर्धेला एनसीएएनं १९८१ मध्ये सुरुवात केली, आणि तोपर्यंत डिव्हिजन वनचं टायटल जिंकणारी एकही हेड कोच बाई नव्हती. एकही नाही. त्या दिवशी दोन्हीकडे बायका, म्हणजे कुणीही जिंकलं तरी इतिहास होणारच होता. पेन स्टेट ३-१ नं जिंकलं, आणि शूमाकर-कॉली त्या सीझनमध्ये ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट घेत घेत बेंचवर उभ्या होत्या. सेमीफायनलला याच पेन स्टेटनं आमच्या नेब्रास्काला ०-२ वरून हरवलं होतं, चौथ्या सेटला आम्ही २२-१६ पुढे होतो, आमच्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही. तरी फायनलला आम्ही तिघंही उभं राहून टाळ्या वाजवल्या. लेक म्हणाली आई दोघी पण आधी असिस्टंट होत्या ना. मी म्हटलं माहीत नाही, बघ शोधून. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

बरं, आता तक्रारी, एक स्टार कापला तो का.

जेवण. फॉर्ममध्ये व्हेजिटेरियन लिहिलं होतं, तर चार दिवस चीज पिझ्झा, पास्ता, सॅलड आणि परत पिझ्झा. दिवसाला सहा तास खेळणाऱ्या मुलीला हे पुरत नाही. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आल्यासारखं झालं, बसवून ज्यूस दिला, लक्ष दिलं, पण ती वेळ यायलाच नको होती. आपल्या लोकांनी बॅगेत दाण्याचे लाडू, खाकरा, भाजलेले चणे भरपूर द्या, आणि आयोजकांना आधी फोन करून शेंगदाणे आत चालतात का ते विचारा, कारण खोलीत कुणाला अ‍ॅलर्जी असू शकते. आमच्या वेळी चालत नव्हते, मग चणे-फुटाण्यांवर भागवलं.

गर्दी. एका कोर्टवर चौदा-पंधरा मुली. पहिल्या दिवशी गट पाडले ते अर्ध्या तासाच्या खेळावरून, त्यात माझ्या लेकीला नवशिक्यांच्या गटात टाकलं आणि पहिला दिवस वाया गेला. हे पण शेवटी असिस्टंट कोचच्याच लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः येऊन गट बदलला. पण त्यांच्या नजरेत आलं म्हणून झालं, नसतं आलं तर चारही दिवस गेले असते.

दोन जिमपैकी लहान जिममध्ये एसी नीट चालत नव्हता. टीशर्टचा साईज चुकीचा दिला आणि बदलून मिळाला नाही. आणि रिफंडचा नियम फार कडक आहे, एक जूननंतर आजारी पडलात तरी पैसे परत नाहीत, पुढच्या वर्षाला पण धरत नाहीत. हे मला पटलेलं नाही, मेल करून कळवलंय, साच्यातलं उत्तर आलं.

कुणासाठी आहे हा कॅम्प? बेसिक येत असलेल्या मुलीसाठी, बारा ते पंधरा. आठ-नऊ वर्षांच्या मुलींना राहायला पाठवू नका, त्यांच्यासाठी त्याच कॉलेजचा दिवसाचा कॅम्प असतो, स्वस्त असतो आणि पुरतो. मुलगी लिफ्टर असेल तर हा सगळ्या स्किलचा कॅम्प घेण्यापेक्षा फक्त पोझिशनचा कॅम्प बघा, तिथे हाताला बॉल जास्त लागतो. आणि रजिस्ट्रेशन करायच्या आधी टीमच्या वेबसाइटवर जाऊन स्टाफचं पान उघडा. हेड कोचच्या खाली जी नावं आहेत ती वाचा. ती माणसं तिथे किती वर्षं आहेत, स्वतः कुठल्या पोझिशनला खेळलेली आहेत, कुठून आलीत. मग सरळ मेल करून विचारा की कोर्टवर शिकवणार कोण. मी पुढच्या वेळी हेच आधी विचारणार, फी नंतर.

सीझन सुरू झाल्यावर त्यांच्या दोन मॅच आम्ही घरी टीव्हीवर बघितल्या. कॅमेरा सगळा वेळ हेड कोचवर, पण लेक बेंचचं टोक बघत बसायची. एकदा क्लिपबोर्डामागून बोटं दिसली, एक आणि मग पाच असं काहीतरी बदललं त्यांनी, आणि सर्व्हिस खरंच पाचात पडली, थेट एस, म्हणजे कुणाला उचलताच आली नाही. लेक सोफ्यावरून उडाली, जणू हिनंच टाकली होती.

आता आमच्या गॅरेजमध्ये एक फोल्डिंग खुर्ची कायमची मांडलेली आहे. गाडी बाहेर ठेवते मी, थंडीत काच खरवडायला लागते रोज सकाळी, चालेल. संध्याकाळी मी टॉस देते, ती बसून दहा आणि उठत दहा करते. कॅम्पचं रजिस्ट्रेशन फेब्रुवारीत उघडतं. त्या आधी स्टाफचं पान उघडून बघणार आहे त्या अजून तिथे आहेत का. नसतील तर त्या कुठे गेल्यात ते शोधायचं आणि तिथला कॅम्प बघायचा, ड्राइव्ह सहा तासांचा असला तरी, असं आमचं दोघींचं ठरलंय.